सात वाजताचा फोन

चौथ्यांदा फोन लावला तरी प्रमिला उचलेना, तेव्हा मात्र द्वारकाबाई चहा अर्धा टाकून उठल्या.

ज्येष्ठ नागरिक संघात एकटं राहणाऱ्यांची एक यादी होती. रोज सकाळी सात वाजता प्रत्येकानं आपल्या खालच्या नावाला फोन करायचा. उत्तर आलं नाही, तर घरी जाऊन बघायचं. द्वारकाबाईंच्या खाली नेमकी प्रमिला! संघाच्या सहलीत त्यांनी तिच्या कोथिंबीरवड्यांना सगळ्यांदेखत कच्च्या म्हटलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. पण नियम तो नियम. गेले दोन महिने रोज एकच प्रश्न, "उठलात?" एकच उत्तर, "उठले." की फोन बंद.

द्वारकाबाई अंगावरच्या गाऊननिशी निघाल्या. समोरची इमारत, तीन जिने आणि त्यात गुडघ्यांचं रडगाणं. धापा टाकत त्यांनी दार बडवलं. "प्रमे! अगं, दार उघड, प्रमे!"

दार लगेच उघडलं. हातात झारा घेऊन प्रमिला धडधाकट उभी.

"मेले, फोन का उचलला नाहीस? माझा जीव टांगणीला लागला ना!"

"उचलला असता, तर 'उठलात' विचारून ठेवून दिला असतास," प्रमिला म्हणाली. "आत ये. वड्या तळल्यात. आता सांग, कच्च्या आहेत का ते."

द्वारकाबाई खुर्चीत टेकल्या. घाम पुसून त्यांनी एक वडी तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि ताटली आपल्याकडे ओढली.