आईचं हाड

“ऑपरेशन कुठल्या खुब्याचं झालं होतं?” डॉक्टर झीनत यांनी विचारलं.

“उजव्या,” पायल म्हणाली आणि तिने टेबलाची कड घट्ट धरली.

सासू-सुना पहिल्या एसटीने सांगोल्याहून सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात आल्या होत्या. पायलचा नवरा अभिमन्यू डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. आठवड्यापूर्वी मोटारसायकलवरून निघाला तो परतलाच नाही. फोनही बंद. काल कालव्यात एक देह सापडला आणि पोलिसांनी दोघींना बोलावून घेतलं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. अंगावर खूण म्हणावी असं काही उरलं नव्हतं. उजव्या खुब्यात बसवलेला धातूचा सांधा तेवढा होता.

पायलला नववा महिना, त्यात रक्तदाब वाढलेला. धक्का बसला तर दोन्ही जिवांना धोका, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूने, बजाबाईने, घरीच थांब म्हणून हात जोडले. पण ऐकेल ती पायल कसली! निदान देह तरी तिला दाखवला नव्हता. बजाबाई एकटीच आत जाऊन आली होती.

“तोंड काय वळकंना,” एवढंच ती म्हणाली होती.

“असा सांधा खूप जणांना बसवतात,” डॉक्टर म्हणाल्या. “नुसत्या त्याच्यावरून मी काही सांगणार नाही. पण या माणसाचं सांध्याभोवतीचं हाड कमी पडलेलं दिसतंय. सांधा पक्का बसावा म्हणून तिथं कृत्रिम हाड भरलंय. पांढरे, साखरेएवढे दाणे असतात त्याचे. तुमच्या मिस्टरांना तसं काही घातलं होतं?”

पायलने झटकन मान वर केली.

“कृत्रिम? न्हाय ओ मॅडम! त्यांच्यात आत्यांचं हाड हाय!”

“कुणाचं?”

“ह्यांचं, माझ्या सासूचं. अपघातानंतर सांधा बसवताना हाड कमी पडलं, तवा आत्यांनी आपल्या कमरंचं काढून दिलं. ऑपरेशन झाल्यावर हे पाय टेकवायलाच भीत होते. आत्या म्हनल्या, माझं हाड हाय तुज्यात, मोडायचं न्हाय, उटून उभा ऱ्हा. तवा कुटं चालाय लागले. लग्न ठरलं तवा सगळ्यात आदी हेच सांगितलं मला त्यांनी.”

ती भडाभडा बोलत होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, हिला तर अख्खा वासा सापडला होता. डॉक्टरांनी बजाबाईकडे पाहिलं.

“आजी, खरं आहे हे?”

बजाबाईने पदर सारखा केला. सुनेच्या पोटाकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे.

“व्हय. माझंच हाड हाय.”

“कृत्रिम दाणे अजिबात घातले नव्हते?”

“न्हाय, बाई. ह्यो दुसऱ्या कुना आईचा हाय.”

पायल टेबलावर डोकं टेकून रडू लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळी रडली. डॉक्टरांनाही बरं वाटलं. वाईट बातमी सांगायची सवय झाली, तरी ती टळली की कुणालाही बरंच वाटतं.

“मग आज तरी हा अभिमन्यू नाही, असंच म्हणू,” त्या म्हणाल्या. “पण आजी, तुमचं रक्त तपासणीला पाठवावं लागेल. सांध्यावरच्या नंबरावरून कंपनीकडंही चौकशी चाललीय. पक्कं कळायला महिना तरी जाईल.”

“जाऊ द्या की,” असं म्हणत बजाबाईने हात पुढे केला.

बाहेर लिंबाच्या पारावर बसून तिने भाकरी आणि शेंगाचटणी सोडली. सासू-सुनेचं विळ्या-भोपळ्याचं नातं म्हणतात, पण ही म्हातारी घास मोडून सुनेला भरवत होती. पायल पोटभर जेवली. “बाळाच्या बारशाला तरी येतील ना हो हे?” तिने विचारलं.

“जेव आदी,” बजाबाई म्हणाली. “मी पानी आनते.”

रिकामी बाटली घेऊन ती परत डॉक्टरांच्या खोलीत गेली. आत शिरून तिने दार लावून घेतलं.

“काय झालं, आजी?”

“दानंच भरल्यालं, बाई. पोरगं उटून उभं ऱ्हावं म्हनून माझं हाड म्हनलं. सून बाळंत हुईस्तवर कुनाला सांगू नका,” ती म्हणाली. “आन मला घटकाभर माझ्या लेकापाशी बसू द्या.”