शनवारची आग

इंजिन फायबरचं होतं आणि तीन मजले उंच होतं. पनवेलजवळच्या कोन गावातल्या नव्या टॉवरांच्या फाटकात ते उभं केलं होतं, आणि त्याच्या पोटावरच्या पितळी पाटीवर हेप्झिबाच्या आजोबांचं नाव होतं. तिने पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि तिचं डोकं सणकलं.

'या महाकाय इंजिनाच्या चाचणीत, घाटात बॉयलर फुटून हुतात्मा झालेले फायरमन शालोम पेझारकर.'

"हुतात्मा?" ती भावाकडे वळली. "राफेल, आजोबा म्हातारे होऊन, पेज पिऊन, बाजेवर गेले. मूठमाती द्यायला तूही होतास."

राफेल कार्यक्रमासाठी खास इस्रायलमधल्या अश्दोदहून आला होता. अंगात कडक कुर्ता, डोक्यावर यहुद्यांची गोल टोपी. "हळू बोल ना ताई. गोष्ट आहे ती. गोष्टीला थोडा मीठमसाला लागतोच."

मीठमसाला तर त्या खऱ्या इंजिनाला पनवेलने शंभर वर्षं लावलाच होता. चोवीस चाकं होती म्हणे. एका घोटात वडाळे तळं पिऊन टाकायचं म्हणे. शिट्टी झाली की कर्नाळ्याचे पक्षी दोन दिवस झाडावर उतरत नसत. इंजिन घाट सोडून पनवेलात कधी आलंच नव्हतं, तरी ते डोळ्यांनी बघितलेली माणसं गल्लोगल्ली निघायची. या थापांचा हेप्झिबाला कधी राग आला नाही. लहानपणी तिनेही त्या तोंड उघडं टाकून ऐकल्या होत्या. पण चाचणीच्या दिवशी भट्टीसमोर कोण होतं, हे मात्र तिच्या घरात कुणी कधी फिरवून सांगितलं नव्हतं.

विठू होता. याच कोनचा विठू. शनवार म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ, त्या दिवशी आजोबा आगीला हात लावायचे नाहीत, म्हणून त्यांची शनवारची पाळी विठू करायचा आणि विठूची रविवारची आजोबा. साहेबाने चाचणी ठेवली ती नेमकी शनवारी. त्या राक्षसाचं पोट भरता भरता विठू घाटात निम्म्यावर पोचला, आणि तिथेच बॉयलर फुटला. घरी आलं ते त्याचं फावडं. पुढे आजोबांनी मरेपर्यंत दर शनवारी, शब्बाथ संपून तारे दिसले की, सायकल काढून कोन गाठलं. विठूच्या ओटीवर बसायचे. चहा प्यायचे आणि परत यायचे.

"विठूचं नाव कुठाय?"

"अगं, या बिल्डरवाल्यांना काहीतरी वेगळं हवं होतं. इस्रायलहून आलेला नातू वगैरे." राफेलने आवाज खाली आणला. "विठू पाटील म्हटलं तर कोण येणार बघायला? इथे दर दुसरा माणूस पाटील. आणि मी तिकडे पोरांनाही असंच सांगितलंय. आमचा नोम शाळेत यावर बोलला, टाळ्या पडल्या त्याला."

"पाटी बदलायला सांग. आत्ता."

"कार्यक्रम होऊ दे. मग बघू."

मग बघू म्हणजे कधीच नाही, हे सांगायला हेप्झिबाला ज्योतिषी नको होता. आणि तिला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. विठूच्या नातवाला, बळीरामला, तिनेच फोन केला होता. तुमच्या आजाच्या इंजिनाचा कार्यक्रम आहे, नक्की या. तो आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पाटीपुढे उभा होता. वाचून झाल्यावर तो इंजिनाला एक वळसा घालून आला आणि तिच्याजवळ थांबला.

"हेप्झीबाय, आमच्या आजाचं नाव दुसऱ्या पाटीवर हाय का? मना कुठं दिसला नाय."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

तेवढ्यात बिल्डरच्या परेशने माइक हातात घेतला. "हुतात्मा शालोमजींचे नातू राफेलजी आता आपल्या हस्ते भट्टी पेटवतील!" लाल बटण दाबलं की आत दिवे लागणार होते, वरून धूर निघणार होता. लोकांनी मोबाइल वर धरले. राफेल पायऱ्या चढला.

त्याच्या मागोमाग हेप्झिबा चढली.

"थांब. आज शनवार आहे."

खाली कुणीतरी हसलं. हेप्झिबा काही फार सोवळी नव्हती. शनवार असूनही खांदा कॉलनीहून रिक्षानेच आली होती. राफेल दातांतल्या दातांत म्हणाला, "ताई, बटण आहे ते. लोक बघतायत."

"बघू देत." तिने परेशच्या हातातला माइक ओढून घेतला. "आपल्या घरात शनवारी आग कोण पेटवायचं, राफेल? आपण नाही. आपण दुसऱ्याला पुढे करायचो. एकदा तो दुसरा जळून मेला. आजोबांना उभा जन्म ते पचलं नाही. आणि तू आता त्याचं मरणसुद्धा घेतोस? तेही टोपी घालून?"

राफेलचा हात बटणावरच राहिला, पण दाबायचा त्याला धीर होईना. मोबाइल एकेक करून खाली आले.

"बळीरामदादा, वर या," हेप्झिबा म्हणाली.

बळीरामने पायरीशी चपला काढल्या. वर आला. बटणाकडे त्याने पाहिलंही नाही. भट्टीच्या दारावर त्याने पालथा हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि बराच वेळ तो काढला नाही.

"गार हाय," तो म्हणाला.