जाहीर माफी

“जुनी वैरं आज इथेच सोडून जा,” केनियातल्या काकामेगा गावच्या आमच्या चर्चमध्ये पाद्रीबाबांनी सांगितलं. लगेच आयुमा उठली, नाफुलासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतकी गहिवरली. “वेकेसाच्या आई, मी नवी नवरी होते तेव्हा तू माझी कोंबडी चोरलीस. जा, माफ केलं तुला!”

नाफुलाने कोंबडीच काय, तिचं पीससुद्धा कधी उचललं नव्हतं. पण महिला मंडळाच्या अध्यक्षपदाला या दोघीच उभ्या होत्या, आणि मतदान पुढच्याच रविवारी होतं. चोरली नाही म्हणावं, तर माफी झिडकारणारी दगडाच्या काळजाची बाई. गप्प राहावं, तर कोंबडीचोर.

“पाद्रीबाबा, पण मी तर...”

“पण नको, लेकी! सैतान त्या ‘पण’मध्येच दबा धरून बसलेला असतो. मार मिठी!”

नाफुलाने दात आवळून मिठी मारली. “आमेन,” ती पुटपुटली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्रार्थना संपवून बाहेर आली, तर आंब्याखाली आणखी तिघीजणी तिला माफ करायला रांगेत उभ्या होत्या. पहिलीची शेळी हरवली होती, दुसरीचं पातेलं, आणि तिसरीचा नवरा.