पंचवीसच्या आतले

रिसोडच्या कॉलेजात जगातल्या युद्धांवर व्याख्यान होतं. आसेगावच्या गंगूबाईंना वीरमाता म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. पाहुणे प्राध्यापक पडद्यावर सालवार नकाशे दाखवत होते. लढाई तिथं लाल, शांतता तिथं हिरवं. एका नकाशाला गंगूबाई ताडकन उठल्या. सरहद्दीचा तो कोपरा त्यांना पाठ होता.

"साहेब, याच साली माहा धम्मरत्न तिथं गोळी लागून गेला. मंग तिथं हिरवं काहून?"

प्राध्यापक समजुतीनं म्हणाले, "आजी, वर्षाला निदान पंचवीस माणसं मेली, तरच आम्ही ती लढाई धरतो. तिथं त्या साली चोवीसच गेले."

संतापानं गंगूबाईंचा आवाज चिरकला.



"मंग माह्या पोराले काय शांततेनं गोळी घातली?"