भोकाचं नाणं

"ह्यात खिळा कुणी ठोकला? तुमच्या पणजोबांनी?" जुनी नाणी जमवणारे अच्युतराव दारातल्या माणसावर खेकसले. चांदीचा राणीछाप रुपया, आणि राणीच्या मुकुटातच भोक! "पोरांच्या गळ्यात बांधायला नाण्याची वाट लावायची, मग किंमत विचारायची! भोकाचं नाणं मी घरात घेत नाही." माणूस चालता झाला.

आतून बायको काळा दोरा घेऊन आली. लेकीचं सातव्या महिन्यात झालेलं बाळ काचेच्या पेटीतून सुटून आज घरी येणार होतं. "एक जुना चांदीचा रुपया द्या. बाळाच्या गळ्यात बांधायचाय."

"आता तूसुद्धा? रुपयानं कधी पोर वाचलंय का?"

"लेकीची आधीची दोन गेली, तेव्हा तुमचंच ऐकलं होतं."

अच्युतराव धुसफुसत दाराशी गेले. मघाचा माणूस गल्लीत दिसेना. मग कपाट उघडून त्यांनी संग्रहातला सगळ्यात कोरा, कुणाला बोट लावू न दिलेला रुपया काढला आणि तरातरा सोनाराकडे गेले.

"काका, भोक पाडलं की ह्याची किंमत जाईल," सोनार चाचरत म्हणाला.

"नाण्याचीच जाईल ना?" अच्युतराव खेकसले. "पाड मुकाट्यानं!"