बनुबाईंचं माहेर

जीपमधली शेवटची सवारी ज्योती होती. ड्रायव्हरने वळणावर गाडी थांबवली आणि टेकाडावरच्या कौलारू घराकडे बोट दाखवलं.

"रंगनाथबाबांचं घर ते. वर गाडी न्हाई जात."

पुणतांब्याहून ती सकाळी सहाला निघाली होती. राहाता, संगमनेर, अकोले आणि मग ही जीप. बनुबाईंच्या भावाचं नाव आणि गाव तेवढं माहीत होतं. फोनवर निरोप दिला असता, पण नंबर कुणाकडेच नव्हता. "माझ्या भावाकडं रेंज न्हाई," असं बनुबाई म्हणायच्या आणि विषय तिथंच संपायचा.

बनुबाई सोमवारी गेल्या. नळाला पाणी येऊन गेलं तरी त्यांचा हंडा बाहेर दिसला नाही, म्हणून शेजारच्यांनी दार ढकललं. मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती. अग्नी ज्योतीच्या नवऱ्याने, गोरक्षनाथने दिला. नातं काही नव्हतं, दोन गल्ल्या सोडून घर होतं एवढंच. पण कुणीतरी पुढे व्हायला हवं होतं.

स्मशानात सगळं गाव जमलं. जो तो काहीतरी सांगत होता. बाळंतपण असो की मयत, बनुबाई न बोलावता यायच्या आणि काम आटपलं की न जेवता निघायच्या.

ज्योतीला शाळेकडे जाणारा कॅनॉलचा रस्ता आठवत होता. तिची आरती आठवीत गेली त्या वर्षी तिथं टवाळ पोरं उभी राहायला लागली आणि वस्तीवरच्या अकरा मुलींची शाळा बंद झाली. बनुबाई कुणाशी भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "चला गं," म्हणाल्या. पुढची तीन वर्षं मुलींना सोडायला आणि आणायला त्या रोज आठ किलोमीटर चालल्या. आरती आता नगरला नर्सिंग शिकते.

फक्त दिवाळीत त्या गावात नसायच्या. वसुबारसेलाच पिशवी भरायच्या. "भाऊ वाट बघतोय," म्हणायच्या. भाऊबीज झाली की परत येऊन घरोघरी ओंजळभर तांदूळ द्यायच्या, भावाच्या शेतातले. त्यामुळे सणाला बनुबाईंना जेवायला बोलवावं असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. ज्योतीच्याही नाही. त्यांना माहेर होतं.

टेकाड चढून ती अंगणात आली. ओट्यावर एक म्हातारा वालाच्या शेंगा सोलत बसला होता.

"रंगनाथबाबा तुम्हीच ना? मी पुणतांब्याहून आले. बनुबाईंच्या गावाहून."

म्हातारा हसला. "बऱ्या हायत ना?"

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य ज्योतीला आठवेना. "सोमवारी गेल्या. झोपेतच."

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्याने सूप बाजूला सारलं.

"बुधवारी दहावा आहे," ज्योती म्हणाली. "माहेरचं माणूस पाहिजे, म्हणून तुम्हाला न्यायला आले."

"मला?"

"भाऊ ना तुम्ही त्यांचे?"

म्हाताऱ्याने मान हलवली. "न्हाई, बाई. आमचं काय नातं न्हाई. चौदा वर्सं झाली. दिवाळी तोंडावर आल्ती. त्या शेवटच्या यष्टीतून उतरल्या. म्या इचारलं, कुनाकडं आलाय? म्हनल्या, कुनाकडं न्हाई. गाडी जिथवर जाती तिथवरचं तिकीट काढलं."

ज्योतीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"ह्या पडवीत चार दिस राहिल्या. आमच्या हिचा गुडघा दुखायचा, तर सगळा फराळ त्यांनीच केला. शेजारच्या म्हातारीला न्हाऊ घातलं. मग दर साली याय लागल्या. जाताना आमी तांदूळ द्यायचो."

"आणि भाऊबीज?"

"एकदा म्हनल्या हुत्या, ववाळू का तुमाला म्हनून." म्हातारा शेंगांच्या सालांकडे बघत राहिला. "त्याच दिशी माजी सख्खी भन आल्ती. राहून गेलं. परत त्यांनी इचारलं न्हाई."

ज्योती ओट्याच्या पायरीवर बसली. खाली वळणावर परतीची जीप भरत होती. हा माणूस दहाव्याला येण्याचं कारण उरलं नव्हतं, आणि त्याला ये म्हणावं की नको, हे तिला कळत नव्हतं.

"तुमचं नाव काय, बाई?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ज्योती."

"गोरक्षनाथची ज्योती?"

"हो."

म्हातारा गडबडीने उठला. डोक्यावरची टोपी नीट केली आणि दाराकडे तोंड करून आत हाक मारली.

"पानी आन गं. बनुबाईंची सून आलीया."