वरचं जळालंय

नाताळच्या आदल्या दुपारी बेकरीत रेडिओवर बातमी आली: जंगलं कंपन्यांना विकण्याचा कायदा सरकारनं मागे घेतला. भट्टीपाशी कामगारांनी एकच जल्लोष केला. त्या कायद्याविरुद्ध बेकरीवाली आणि तिची थोरली बहीण वर्षानुवर्षं लढल्या होत्या. पण बेकरीवालीनं रेडिओ बंद केला. “तिकडे ताईचं जंगल पेटलंय आणि तुम्हाला नाचायला सुचतंय?” तेवढ्यात ताईचाच फोन आला. आवाज धुरानं बसला होता. “घर गेलं. आम्ही शाळेत आहोत, सुखरूप. बातमी ऐकलीस?” “ऐकली. पण जंगलच जळाल्यावर कायद्याचं काय कौतुक?” “वेडे, वरचं जळालंय, मुळं जिवंत आहेत. पावसात फुटतील. आता ती कुणाच्या बापाला विकता येणार नाहीत. इथं काजळलेली माणसं टाळ्या पिटतायत, तू तोंड पाडून बसलीस?” बेकरीवालीनं डोळे पुसले आणि लाटण्यानं रिकामा ट्रे बडवत ती भर रस्त्यात उतरली.